एफ-वनची सवय

आमच्या घरचा कॉम्प्युटर सोळा वर्षांचा आहे. रेणूच्या बाबांनी प्लांटच्या बोनसमधून घेतला तेव्हा रेणू नववीत होती. सकाळी बटण दाबलं की तो काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन बारीक ओळी दाखवायचा आणि थांबायचा. एफ-वन दाबलं की पुढे जायचा. किती वर्षं आम्ही एफ-वन दाबत आलो, ते आता सांगता येणार नाही. देवळात शिरताना घंटेला हात जातो, तसं बोट जायचं. त्या दोन ओळींत काय लिहिलं आहे ते घरात कोणी कधी वाचलं नव्हतं. कॉम्प्युटर चालू होत होता ना, मग झालं.

रेणू बाळंतपणाला राऊरकेल्याहून आली आणि येताना तिचा लॅपटॉप वरच्या बर्थवरून पडला. पडदाच फुटला. बाळ चोवीस दिवसांचं झालं तेव्हा परीक्षेचं पत्र आलं, पेपर बारा दिवसांवर. रेणू सहा वर्षं एका लॅबमध्ये कंत्राटावर रक्त तपासते. पक्क्या जागेची ही परीक्षा वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच देता येते, आणि ते वर्ष संपायला तिला तीन आठवडे उरले होते. बाळंतीण म्हणून घरून पेपर द्यायची परवानगी मिळाली होती, पण अटी मोठ्या. कॅमेरा लावलेला कॉम्प्युटर पाहिजे, मोबाइल चालणार नाही. जुनी विंडोज सात चालणार नाही, विंडोज दहा पाहिजे. ज्या मशीनवर पेपर द्यायचा ती आदल्या दिवशी नोंदवायची. रविवारी दहा वाजता पेपर त्याच मशीनवर, दुसऱ्या कुठल्याही नाही.

"शेजारचा लॅपटॉप मागू का?" मी विचारलं.

"बारा दिवस कोण देते, माय? और मान लो दिया, ऐन वक्त पे वापस मांग लिया तो?" रेणू म्हणाली. "आपलाच करू. मामाले फोन लाव."

मामा म्हणजे माझा भाऊ आनंदराव. नागपूरला शाळेत कॉम्प्युटर शिकवून रिटायर झाला. त्याने फोनवर सांगायचं आणि मी करायचं असं ठरलं. मी वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलं आहे, बोटांना कळा माहीत आहेत. त्याने सांगितलेलं सगळं मी पोथीच्या वहीत मागच्या पानावरून लिहायला घेतलं.

पहिलं त्याने सांगितलं, "ताई, मदरबोर्डवर एक गोल सेल असते, रुपयाच्या नाण्याएवढी. ती बदलून टाक. लाइट बंद असली तरी मशीनची घड्याळ आणि सेटिंग तीच लक्षात ठेवते. इतक्या वर्षांत ती मेली असंन."

गुरुवारी सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन मी दोन सेल आणले. दोन अशासाठी, की देवापुढे जो विजेचा दिवा आहे त्यालाही नेमका तोच गोल सेल लागतो. कार्तिक महिनाभर देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, हा माझा नेम सासूबाईंपासूनचा. पण तीन वर्षांपूर्वी देवघराच्या पडद्याला झळ लागली. रेणूचे बाबा, तेजरामजी, प्लांटमध्ये छत्तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होते. त्यांनी त्या दिवशी नियमच केला. ज्या दिव्यापाशी माणूस बसलेला नाही, तो दिवा तेलाचा नाही. म्हणून मी पूजेला बसते तेवढा वेळ तेलाचा, आणि उठले की सेलचा. असा आमचा दोघांचा समझोता.

त्यांचा आणखी एक नियम होता. दिवेलागणीनंतर घरभर फिरून जे चालत नाही त्याचं भिंतीच्या बोर्डावरचं बटण बंद करायचं. टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर. "शटडाउन म्हंजे शटडाउन," म्हणायचे. "पॉवर आत उभी ठेवाची नाही."

नवीन वस्तू घरात आली की आधी देवापुढे ठेवते. त्या दोन्ही सेलांना हळदकुंकू लावून ताटलीत ठेवलं. शुक्रवारी पहाटे पाहिलं तर दिव्याची ज्योत मंद झाली होती. मी त्यातला जुना सेल काढून ताटलीत ठेवला, एक नवा घातला. पूजा आटोपली, ताटलीतला एक सेल कॉम्प्युटरसाठी उचलला, आणि जो उरला तो मेलेला म्हणून निर्माल्याच्या फुलांबरोबर टाकून दिला.

सुशीला नावाची एक बाई आमच्या शाळेत माझ्या शेजारी टाइप करायची. ती म्हणायची, "तू कागदाकडे पाहतेस ना, तशी कधी कागद सोडून पाहत जा." टायपिस्टची नजर कागदावर असते. हातावर नाही, यंत्रावर नाही. ते मी इथे का लिहिते आहे ते पुढे कळेल.

शुक्रवारचा अख्खा दिवस लागला. सिविक सेंटरच्या दुकानातून नवी विंडोज भरून आणलेला पेनड्राइव्ह लावला तर काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहिली. पुढे काहीच नाही. रेणूने बाळाला खांद्यावर घेऊन मागे येरझारा घातल्या. आनंदराव म्हणाला, "ताई, तो नव्या मशीनवाणी भरून देल्ला असंन. आपली मशीन जुन्या रीतीची. दुकानवाल्याले सांग, जुन्या बायोसवाल्या मशीनसाठी भरून दे." रेणूचे बाबा स्कूटर काढून पुन्हा गेले आणि भरून घेऊन आले. मग रेघ गेली आणि निळी खिडकी उघडली.

त्याआधी आनंदरावने एक सेटिंग बदलायला लावली होती. "मशीन हार्डडिस्कशी जुन्या पद्धतीनं बोलून राहिली, तिले नवी पद्धत लावून दे. विंडोज दहा जरा पळंन तरी." मी लिहून घेतलं: सुरू होताच डिलीट. खाली तीन, एन्टर. खाली एक, एन्टर. खाली एक, एन्टर. एफ-टेन, एन्टर. त्या दिवशी पडद्यावर पाहून केलं. पुढे वहीत पाहून.

संध्याकाळी विंडोज दहा उभी राहिली. रेणूचा चेहरा पडद्याच्या उजेडात निळा दिसत होता आणि ती हसत होती. मी तिला दुधाचा पेला दिला. तिच्या बाबांनी नेहमीप्रमाणे फेरी मारली आणि बोर्डावरचं बटण बंद केलं.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर लावला. दोन ओळी आल्या, एफ-वन दाबलं, आणि पडदा निळा झाला. त्यावर एक रडका चेहरा आणि इंग्रजी. मग आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा निळा.

"गेलं," रेणू म्हणाली. तिचा आवाज असा आला, की बाळ दचकून उठलं.

तेव्हा नऊ वाजले होते आणि नोंदणी चार वाजेपर्यंत होती. आनंदराव फोनवर म्हणाला, "भाऊजीले रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासाले लाव. आणि तू वहीतलं सगळं पहिल्यापासून कर, काही गाळू नको." रेणूच्या बाबांनी पट्टी काढली, चष्मा डोक्यावर सरकवून घासली, फुंकली, बसवली. मी वही मांडीवर घेतली आणि स्तोत्र म्हणावं तशी बोटं चालवली. डिलीट. खाली तीन, एन्टर. खाली एक, एन्टर. खाली एक, एन्टर. एफ-टेन, एन्टर. नजर वहीवर. पडद्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही.

आणि चालू झाला.

"रॅम होती," रेणूचे बाबा म्हणाले. "मी त पाहताबरोबर ओळखलं. प्लांटमध्ये पॅनेलचे कार्ड असेच घासाचो आम्ही."

"बाबा, तुमी ग्रेट हो," रेणू म्हणाली, आणि दोन वाजता मशीनची नोंदणी झाली. कॅमेऱ्यासमोर खोली फिरवून दाखवली, पलंगाखाली दाखवलं. पडद्यावर हिरवी खूण आली. आता हाच कॉम्प्युटर, दुसरा नाही.

संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "आज चालूच राहू द्या ना. सुबह फिर से नखरे केले त?"

"रातभर चालू ठेवून बाळाच्या खोलीत आग लावाची हाय का? रॅम घासली ना आता? मग?" त्यांनी बटण बंद केलं. मलाही ते बरोबर वाटलं.

रविवारी आठ वाजता मी पोथीला बसले. अध्याय पूर्ण होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही, हा माझा दुसरा नेम. त्या दिवशी मोठा अध्याय होता. रेणूला म्हटलं होतं, नऊला लाव, साडेनऊला पेपरच्या पानावर शिरायचं, नऊ पन्नासनंतर ते कोणाला आत घेत नाहीत.

नऊ वाजता आतून तिच्या बाबांचा आवाज आला. "हे पुन्हा निळं झालं ना वं!"

माझं बोट ओवीवर होतं. मी ते हलवलं नाही.

"बाबा, रॅम काढा, जल्दी." स्क्रू पडल्याचा आवाज. खोडरबर कुठे गेला म्हणून ओरडा. मग पंख्याची घरघर, मग गप्प.

"निळंच हाय."

"फिर से घासा ना!"

"घासली! अजून किती घासू, भोक पाडू का तिले?" ते देवघराच्या दारात आले. "अवो, उठ ना. पोरीचा पेपर हाय. बोलत कावून नाही?"

"बाबा, माय मौनात हाये, तिले नका बोलू," रेणू मागून म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं. "मामाचा फोन लागून नाही राहिला. नॉट रीचेबल." आनंदराव त्या दिवशी आमगावला लग्नाला निघालेला, गाडीत होता.

मी वर पाहून हाताने खूण केली: दोन पानं. ते कपाळावर हात मारून गेले. मी वाचत होते, पण शब्द पुढे जात नव्हते. एकच ओवी तीनदा वाचली. मनात म्हटलं, नेम सोडावा? सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? मग वाटलं, मी धावत जाऊन काय करणार, काल जे केलं तेच ना? आणि काल मी काय केलं होतं?

अध्याय संपला तेव्हा नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती. सेलचा दिवा लावला, मग तेलाचा शांत करून उठले.

खोलीत बाळ पलंगावर होतं, कॉम्प्युटरचं झाकण उघडं, रेणूचे बाबा घामाने निथळलेले. रेणू भिंतीला टेकून उभी होती. तिने परीक्षेसाठी चांगला सलवार-कुर्ता घातला होता आणि केस नीट बांधले होते.

"काल रॅम घासली तर चाललं," मी म्हटलं. "आज घासली तर नाही चाललं. म्हणजे रॅम नव्हती."

"मग का होतं?" हे म्हणाले.

"काल मी वहीतलं सगळं केलं होतं."

"त आज कर!"

मी खुर्चीवर बसले. बटण दाबलं. काळा पडदा, दोन ओळी, थांबला. माझं बोट एफ-वनवर गेलं होतं, दाबणारच होते. तशीच थांबले.

"रेणू, हे काय लिहिलं आहे ते वाच."

"माय, एफ-वन दाब ना, वो तो हमेशा आता है."

"वाच."

ती पुढे आली. वाकली. "सीमॉस… बॅटरी लो. सेटिंग डिफॉल्ट. प्रेस एफ-वन." मग हळूच म्हणाली, "बॅटरी? तू त नवी सेल टाकली होती ना?"

"टाकली होती."

"मग नवी सेल टाकल्यावर हे कावून मागून राहिलं?"

इतकी वर्षं हा रोज सकाळी आपण होऊन सांगत होता की माझा सेल मेला आहे, मला काही आठवत नाही, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर एफ-वन दाबून त्याला पुढे ढकलत होतो. जुनी विंडोज जुन्या पद्धतीने चालायची, त्यामुळे विसरला तरी बिघडत नव्हतं. आता नवी विंडोज नव्या पद्धतीची. संध्याकाळी बोर्डावरचं बटण बंद झालं की हा नवी पद्धत विसरायचा, आणि सकाळी हार्डडिस्कशी जुन्या पद्धतीने बोलायला जायचा. काल वहीतलं करताना मी ती सेटिंग पुन्हा बदलली होती. डोळे वहीवर ठेवून. रॅमने काही केलं नव्हतं.

"बंद करा बटण," मी म्हटलं. मग आत हात घातला, नखाने सेल उचकटला, खिडकीशी नेऊन पाहिला. एका बाजूवर खुणेचे आकडे, दुसरी बाजू लखलखीत.

कुंकू नव्हतं.

मी दोन्ही नव्या सेलांना कुंकू लावलं होतं. शुक्रवारी तो आत बसवताना पदराने पुसावं लागलं नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. मी ताटलीतून दिव्याचा मेलेला सेल उचलला होता आणि नवा निर्माल्यात टाकला होता. कुंकवाचा जो दुसरा, तो देवापुढच्या दिव्यात जळत होता.

"मी दुकानात जातो," रेणूचे बाबा चपला शोधायला लागले.

"रविवारी अकराच्या आत कोणतं दुकान उघडते, बाबा?" रेणू म्हणाली. नऊ वाजून एकतीस.

"सेल कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "आता सेटिंग बदलली की चालू होतो. बटण बंद केलं नाही तर झालं."

"आणि मधातच लाइट गेली त?" हे म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी हाच एक प्रश्न विचारला होता. "पोरगी आत एकटी राहीन. आपल्याले आत जाता येत नाही. लाइट आली की हे पुन्हा विसरीन. मग?"

रेणूने माझ्याकडे पाहिलं. तिला ती सेटिंग येत नव्हती, आणि वही आत न्यायला मनाई होती. कागदाचा कपटाही नको म्हणून परीक्षावाल्यांनी काल कॅमेऱ्यातून खोली तपासली होती.

मी देवघरात गेले. दिव्याची ती पिवळी ज्योत थरथरल्यासारखी हलत होती, खऱ्यासारखी करून दिलेली असते ना, तशी. सतरा दिवस झाले होते कार्तिकाचे. मी हात जोडले नाहीत, वेळ नव्हता. म्हटलं, देवा, उसना नेते. दिवा उलटा केला, मागची चकती फिरवली, सेल तळहातावर पडला. त्यावर कुंकवाचा ठिपका, वाळून तपकिरी झालेला. पदराने घासून घासून पुसला. देवघर अंधारलं.

मागे रेणूचे बाबा उभे होते. त्यांनी दिवा पाहिला, माझ्या हातातला सेल पाहिला.

"तेलाचा लाव," ते म्हणाले.

"माणूस बसायला पाहिजे ना जवळ. मी तिकडे…"

"मी बसतो. जाय तू." ते पाटावर मांडी घालून बसले. गुडघ्यांतून कडकड आवाज आला. "ड्युटी लागली समज."

सेल बसवला, बटण दाबलं, डिलीट. या वेळी वही उघडली नाही. पडद्यावरची ओळ न् ओळ रेणूला वाचायला लावली. जुनी पद्धत. नवी केली. तारीखही सोळा वर्षांपूर्वीची झाली होती, ती आजची केली. एफ-टेन. नऊ एकेचाळीस. गोल गोल ठिपके फिरत राहिले. हा जुना, हळू. त्याला चार मिनिटं लागतात हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी चार मिनिटं किती असतात ते कळलं. नऊ सेहेचाळीसला रेणूचं नाव पडद्यावर आलं. मी बाळाला उचललं आणि बाहेर आले. तिने आतून कडी घातली.

पुढचा अर्धा तास मी बाळाला मांडीवर घेऊन दाराबाहेर बसले. आतून कळांचा टकटक आवाज येत होता. देवघरातून रेणूचे बाबा एकदा खाकरले.

सव्वादहाला मालिश करायला सिंधुताई आली. मी तोंडावर बोट ठेवलं. तिने मान हलवली, दबक्या पायांनी मागच्या न्हाणीकडे गेली. रोज बाळाच्या अंघोळीचं पाणी मी गॅसवर तापवून ठेवते. त्या सकाळच्या गडबडीत ते राहिलं, हे मला आठवलंच नाही. तिला वाटलं, घरात सगळे कामात आहेत, आपणच तापवून घ्यावं. तिने बादलीत रॉड टाकला आणि बटण दाबलं.

खट्ट. पंखा थांबला. आतला टकटक आवाज थांबला.

"काय झालं?" रेणूचा आवाज दारातून. मग एकदम गप्प. तिला आठवलं असावं, बोलायचं नाही.

सिंधुताई धावत आली. "अवो बाई, मी रॉड लावला न् लाइट गेली!"

"काढ तो रॉड!" देवघरातून रेणूचे बाबा ओरडले. उठले मात्र नाहीत. "मले इथून हलता येत नाही. अवो, दाराजवळच्या डब्यात मधातलं काळं बटण खाली पडलं असंन. रॉड काढल्यावर वर कर. आधी नको!"

मी बाळाला सिंधुताईकडे दिलं, रॉडची पिन भिंतीतून काढली, डब्याकडे गेले. काळं बटण वर केलं. पंखा फिरायला लागला. राउटरचे दिवे लागले. तुटलं तर दहा मिनिटांत परत यायचं, नाहीतर पेपर संपला, असं परीक्षेच्या नियमात होतं. घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं, लाइट जाऊन चार मिनिटं झाली होती.

दाराशी येऊन उभी राहिले. आत कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर सुरू झाली.

"तुमी जा ना आत," सिंधुताई कानाशी म्हणाली. ती रडवेली झाली होती. "कॅमेरा त बंदच हाय आता. कोण पाहून राहिलं? दोन मिन्टाचं काम."

कॅमेरा बंद होता हे खरं. मी आत जाऊन ती चार बटणं दाबून आले असते, तर कोणालाच कळलं नसतं. माझा हात दाराला लागलेला होता. पण रेणूने सकाळी सगळ्या अटींखाली सही केली होती, आणि कोणाला कळणार नाही म्हणून केलेलं मी आजवर कधी देवापुढे ठेवू शकले नाही. हात खाली घेतला. कुंकवाचा सेल आत होता. एकतर त्याला आठवेल, नाहीतर नाही.

आतून एक बारीक बीप आली. मग काही नाही.

मी आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते, एफ-वनची कळ दाबल्याचा. त्या कळेचा आवाज मला ओळखू येतो, ती थोडी सैल आहे. तो आला, तर सगळं गेलं.

दहा चोवीस. दहा पंचवीस. बाळ कुरकुरलं. सिंधुताईने त्याला छातीशी धरलं आणि डोळे मिटले.

"का झालं?" देवघरातून.

मी दाराला कान लावला.

दहा सव्वीसला आतून कळांचा आवाज आला. एक. दोन. मग भराभर. पासवर्ड टाकत होती. मग माउसची टिचकी. मग पुन्हा तीच सकाळची टकटक, सावकाश, विचार करत करत. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"चालू झालं," मी देवघराकडे तोंड करून हळू म्हटलं.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "ते काळं बटण, एमसीबी, बदलावी लागंन. रॉडचा लोड तिले नाही झेपत."

बाराला कडी उघडली. रेणू बाहेर आली आणि आधी बाळाला घेतलं, दुधाने तिचा कुर्ता ओला झाला होता. बाळ प्यायला लागल्यावर म्हणाली, "पेपर बरा गेला. दोन सवाल छूट गए, त्या दहा मिनिटांत." मग म्हणाली, "माय, त्याने मागितलंच नाही. मी बोट ठेवून बसली होती एफ-वनवर. काळा पडदा आला, आणि सीधा आगे निकल गया."

सिंधुताईने तिच्यावरून मिठाची मूठ उतरवून टाकली आणि रॉडबद्दल माफी मागायला लागली. रेणू हसली. "मावशी, तुझ्यामुळंच त पक्कं झालं."

मी देवघरात गेले. रेणूचे बाबा अजून पाटावरच होते. दिव्यात तेल भरलेलं होतं, दोनदा तरी घातलं असावं, ताटलीत सांडलं होतं. दाराकडून वारा येत होता म्हणून त्यांनी एक हात ज्योतीभोवती धरला होता, वेल्डिंगच्या ठिणगीला धरतात तसा, लांबून.

"रिलीव्हर आला का?" ड्युटी बदलताना विचारायचे तसं त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं. "उठा आता. चहा ठेवते."

"चहा ठेवून मग ये. तोवर बसतो. मधात गॅप नको."

मधली ती काही मिनिटं, सेल काढल्यापासून वात लागेपर्यंतची, मी त्यांना आठवून दिली नाही. ती देवाला माहीत होती.

दुकानं उघडल्यावर त्याच दुपारी नवा सेल आणला. हळदकुंकू लावलं आणि तसाच, ताटलीत न ठेवता, सरळ दिव्यात घातला. जुना कॉम्प्युटर अजून आहे. रेणू राऊरकेल्याला परत गेली, निकालाची वाट पाहते आहे, मीही पाहते आहे. रेणूचे बाबा रोज दिवेलागणीनंतर फिरून बोर्डावरचं बटण बंद करतात. सकाळी मी लावते, आणि तो काही न मागता पुढे जातो. बोट मात्र अजून एफ-वनवर जातं आणि तिथेच थांबतं. डोळे पडद्यावर असतात, ओळ आलीच तर वाचायला.